शिंपले, चिंचोके आणि कुलूपबंद कपाट

परवा सुनेने नातवाच्या बालवर्गाचं माहितीपत्रक दाखवलं. गुळगुळीत कागद आणि त्यात ‘सस्टेनेबिलिटी’ हा शब्द चार वेळा. "आई, निसर्गाला ओरबाडायचं नाही, हे आता लहानपणापासूनच शिकवतात." चांगलंच आहे की! पण मला आठवली बोर्डी.

ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. माँटेसरीबाईंची पद्धत त्यांना पटली होती, पण साधनं महाग. शहरातल्या चार घरांना परवडतील, खेड्याचं काय? १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ येऊन मिळाल्या. तिथे शिंपले, गोटे, बिया, पानं हीच साधनं झाली. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ ती हीच. (सरकारी योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला. ताराबाई १९७३ सालीच गेल्या होत्या.) पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षकच कुरणावर जाऊ लागले. ती कुरणशाळा.

‘शाश्वत विकास’ हा शब्द जगभर झाला १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालानंतर. बोर्डीत अडचण साधी होती, पैसा नव्हता. पण त्यातून जे उभं राहिलं ते टिकाऊ होतं. शिंपला फुटला तर दुसरा वेचता येतो, त्यासाठी कुणाकडे अर्ज करावा लागत नाही. माहितीपत्रकात हे कुठे दिसलं नाही. असो.

मला बोलायचा अधिकार किती, तेही सांगते. डी.एड.ला मी ताराबाईंवर टीप लिहिली होती, मार्कही चांगले पडले होते. पुढे इथे पंचवटीत पहिलीला शिकवत असताना वर्गाला शंभर लाकडी मण्यांची पेटी मिळाली. मुलं हरखली. मणी हरवले तर भरून कोण देणार, या धास्तीने मी पेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मुलांना बोटांवर मोजायला लावलं. गोदाकाठ शाळेपासून पाच मिनिटांवर, गोटे हवे तेवढे. आवारात चिंचेचं झाड, खाली चिंचोक्यांचा सडा. तो मी रोज झाडून घेत असे!

निवृत्त होताना चार्ज देताना नव्या बाईंसमोर पेटी उघडली, मणी मोजले. शंभरच्या शंभर भरले. पॉलिशही तसंच होतं.