बारा फोटोंचं रीळ

परभणीहून जिंतूरकडे निघालं की वाटेत झरी लागतं. तिथल्या आमच्या घरात कपाटावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात आबांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे निगेटिव्ह. आबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि फोटो काढायचे. पण फोटोग्राफर नव्हते. हा फरक ते स्वतः फार काटेकोरपणे पाळायचे. "गुर्जी, लग्नाचे फोटू काढता का? पैशे देऊ की," असं कोणी म्हटलं की उत्तर ठरलेलं: "नाही बाबा, आपलं हौशीचं काम."

इंग्रजीत 'ॲमॅच्युअर' म्हटलं की कच्चा, अर्धवट असा एक वास येतो. मराठीतल्या 'हौशी'ला तो नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. या हौसेला मात्र चांगलंच मोल होतं, आणि फोटोग्राफीचा अर्धा इतिहास हे मोल कसं उतरत गेलं याचाच आहे.

मुंबईत १८५४ साली 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' सुरू झाली. सदस्य बहुतेक इंग्रज अधिकारी, पण सगळे नाहीत. भाऊ दाजी लाड हे नाव भायखळ्याच्या म्युझियममुळे आपल्याला माहीत असतं. तेही या संस्थेत होते. त्यांचे धाकटे भाऊ नारायण दाजी तर तिच्या कार्यकारिणीवर होते. वैद्यकीचं शिक्षण घेतलेला हा माणूस हौस म्हणून मुंबईतल्या माणसांचे फोटो काढत होता. त्याच सुमाराला एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग भरू लागला. १८५६ पासून 'इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' नावाचं मासिक निघायला लागलं, त्यात खऱ्याखुऱ्या फोटोंच्या प्रती चिकटवलेल्या असत. म्हणजे ग्रुपवर फोटो टाकून 'कसा आलाय?' विचारायची सवय आपली एकट्याची नाही.

तेव्हाची हौस किती घाम काढणारी होती बघा. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने ओल्या काचेची पद्धत जाहीर केली. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण सारखं पसरायचं, मग अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायची. हातात साधारण दहा-पंधरा मिनिटं. त्यामुळे बाहेर जायचं तर काचा, बाटल्या, पाणी आणि काळा तंबू, सगळं बरोबर. मे महिन्यात परभणीच्या उन्हात कोणी हा उद्योग केला असता तर काच कॅमेऱ्यात जायच्या आधीच वाळली असती. तरी लोक हे करत होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना त्याचे पैसे मिळत नव्हते.

पण परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. आपल्या भागाच्या जुन्या फोटोंचा धागा मुंबईपेक्षा हैदराबादकडे जातो, आणि तिथे भेटतात लाला दीनदयाळ. माझा हा सगळ्यात आवडता माणूस, कारण तो मुळात इंजिनियर. जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात शिकले आणि १८६६ मध्ये इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. काम नकाशांचं आणि अंदाजपत्रकांचं. तिशीच्या आसपास कॅमेरा हातात धरला, तो हौस म्हणून. पुढे हौस इतकी वाढली की आधी लांब रजा आणि मग राजीनामा. (आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये दर शुक्रवारी हा बेत ठरतो. सोमवारी सगळे लॉग-इन.) सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी फोटोग्राफर केलं, १८९४ मध्ये 'राजा' किताब दिला. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत फक्त बायकांसाठी वेगळा स्टुडिओही काढला, तिथे कॅमेऱ्यामागेही बाईच असायची.

दीनदयाळांच्या कंपनीने महाल, शिकारी, मेजवान्या टिपल्या. त्याबरोबर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी औरंगाबाद भागातल्या दुष्काळी मदतकार्याचेही फोटो काढले. मराठवाड्यातली साधी माणसं फोटोत दिसतात ती अशी. भूक लागली म्हणून. कोणाला तरी मदतीचा पुरावा हवा होता म्हणून.

हे मला बरेच दिवस टोचत होतं. गरीब माणसाचा फोटो निघतो तेव्हा त्याच्यामागे बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाचं काम असतं. आमच्या गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा आयुष्यातला पहिला फोटो मतदार ओळखपत्राचा. निवडणूक आयोगाने १९९३ मध्ये फोटोचं कार्ड काढायचा आदेश दिला आणि मग शाळेच्या खोलीत रांगा लागल्या, "डोईवरचा पदर मागं घ्या मावशी" वगैरे. काहीच काम नसताना, नुसतं बरं वाटलं म्हणून काढलेला फोटो हवा असेल, तर गावात एखादा हौशी लागतो.

तो गावापर्यंत यायला फार वेळ लागला. ईस्टमनचा कोडॅक १८८८ मध्ये आला. शंभर फोटो काढायचे आणि रीळ धुवायला अख्खा कॅमेराच कारखान्यात परत पाठवायचा. १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी आला, पोरांनाही वापरता येईल असा. आपल्याकडे मात्र कॅमेरा अजून जादूच होता. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाच्या आधी गोध्र्यात फोटो स्टुडिओ टाकला होता. कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो या भीतीने तिथे लोक येत नव्हते, असं सांगितलं जातं. याच फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा लावून त्याचं रोप वाढताना एकेक चित्र घेत छोटी फिल्म केली. ती दाखवून पुढच्या सिनेमासाठी भांडवल मिळवलं हे खरंच, पण रोज उठून वाटाण्यासमोर कॅमेरा लावणारा माणूस हौशीच असणार. आबांनीही एका पावसाळ्यात आमच्या परड्यातल्या दोडक्याच्या वेलाचे चार फोटो काढलेत. फाळक्यांचा वाटाणा त्यांना माहीत होता की नाही, देव जाणे.

आबांचा कॅमेरा आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला 'न्यू इंडिया इंडस्ट्रीज' बनवायची. काळा, हलका, फार काही न विचारणारा. ऊन आहे की ढग, एवढं ठरवायचं आणि खटका दाबायचा. एका रिळात सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा चौकोनी फोटो. पाठीमागे लाल काचेची छोटी खिडकी असते. चावी फिरवली की त्यात रिळाच्या कागदावरचा पुढचा आकडा सरकत येतो. चावी फिरवायला विसरलं की फोटोवर फोटो. डब्यात एक असा आहे: पोळ्याचा आमचा बैल, आणि त्याच्या पोटातून बाहेर बघणारे शाळेचे हेडमास्तर. हा फोटो आबांनी हेडमास्तरांना कधीच दाखवला नाही.

रीळही सहज मिळत नसे. परदेशी मालावर बंधनं होती. उटीच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचं उत्पादन १९६७ मध्ये सुरू झालं, त्यांचं 'इंदू'. पूर्व जर्मनीचं 'ओर्वो' असायचं. आबा परभणीहून रीळ आणायचे आणि एक रीळ सहा-सहा महिने पुरवायचे. भरलं की पुन्हा एसटीने परभणी, स्टुडिओत धुवायला देणं, आठ दिवसांनी परत चक्कर. त्या आठ दिवसांबद्दल ते जे सांगायचे, ते मला नीट कळायचंच नाही. फोटो काढून झालाय, पण तो कसा आलाय हे जगात कोणालाच माहीत नाही. "दहावीच्या निकालावाणी," म्हणायचे.

प्रत्येक रिळाची त्यांनी वहीत नोंद ठेवलीय. आकडा, तारीख, ऊन किंवा ढग, आणि काय काढलं ते दोन शब्दांत. आम्ही याला मेटाडेटा म्हणतो आणि फोन तो आपोआप लिहितो. माझ्या फोनमध्ये चौदा हजार फोटो आहेत. कॉलेजची चारही वर्षं मात्र त्यात नाहीत, कारण जुना फोन पाण्यात पडला आणि बॅकअप मी 'उद्या' घेणार होतो.

आबांच्या डब्यात सगळे आहेत, फक्त त्यांची आई नाही. माझी पणजी. फोटोने आयुष्य घटतं असं तिचं ठाम मत होतं. कॅमेरा निघाला की ती उठून आत जायची. १९८१ मध्ये ती गेली तेव्हा कॅमेऱ्यात रीळ होतं, चार फोटो शिल्लक होते. नातेवाईक म्हणाले, आता तरी काढ, भिंतीवर लावायला काहीतरी हवं. आपल्याकडे ही रीत होतीच. हार घालून, टेकवून बसवून कितीतरी घरांनी माणसाचा पहिला आणि शेवटचा फोटो असा काढलाय. आबा नाही म्हणाले. जिवंतपणी नको म्हणत होती, आता विचारता येत नाही म्हणून काढायचा का? त्यांची धाकटी बहीण, आमची आत्याआजी, त्यानंतर दोन वर्षं त्यांच्याशी बोलली नाही. "दुनियेचे फोटू काढले आन् आईचा नाही," हे तिचं वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. भिंतीवर पणजोबा एकटेच आहेत.

आबा गेल्यावर मी निगेटिव्ह स्कॅन करायला घेतले. टॅबलेटवर कोरा पांढरा स्क्रीन लावायचा, त्यावर काच थोडी उचलून ठेवायची (नाहीतर स्क्रीनची जाळी फोटोत उमटते), काचेवर निगेटिव्ह आणि वरून फोनने फोटो. मग काळ्याचं पांढरं करायचं. सहा सेंटिमीटरच्या निगेटिव्हमध्ये एवढा तपशील असतो की आपण खजील होतो. स्टुडिओने दिलेले प्रिंट तेवढेच चिमुकले, त्यामुळे तो कोणी पाहिलेलाच नव्हता.

एका फोटोत माझे वडील आहेत, वर्षाचे असतील, ओट्यावर उभे. उजवीकडच्या कडेने एक हात आत आलाय आणि त्याने त्यांचा दंड धरलाय. चेहरा चौकटीबाहेर. विलायतेत जुन्या काळी फोटोला इतका वेळ लागायचा की मूल हलू नये म्हणून आई अंगावर कापड घेऊन खुर्चीसारखी मागे बसायची. असे फोटो आता संग्राहक शोधत फिरतात. इथे तशी गरज नव्हती. पोरगं पडेल म्हणून कोणीतरी धरलं होतं, एवढंच. मोठं करून पाहिलं तर मनगटावर गोंदण दिसलं. एक तुळस, खाली तीन ठिपके.

वहीत त्या आकड्यापुढे लिहिलंय: 'ऊन. बाळ व आई.' आधी वाटलं, आई म्हणजे बाळाची आई, माझी आजी. पण आजीच्या हातावर गोंदण नाही.

दिवाळीत आत्याआजी आली तेव्हा मी काही न सांगता फोन तिच्या हातात दिला. नातवंडांनी शिकवलंय तसं तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही तुळस माझ्यासमोर गोंदली होती. मानवतच्या बाजारात." आणि थोड्या वेळाने, "ह्या आण्णाला ठाव होतं का?"

मी वही दाखवली. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग विचारलं, भिंतीवर लावायचा तर एवढा हात केवढा मोठा होईल.