चाळीस गाठींचा हिशेब

अकोल्याला कापसाची पारख करण्यात माझी हयात गेली. उतारा, कचरा, धाग्याची लांबी यांच्याशीच रोजचा संबंध. त्यामुळे अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण वैराची गोष्ट इतर लोक राज्यघटनेपासून सुरू करतात, ती मी सरकीपासून करतो.

तिथल्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर लांब धाग्याचा कापूस पिके. त्याची काळी, गुळगुळीत सरकी आपल्या रेच्यासारख्या दोन लाटांच्या यंत्रातून सहज सुटे. आतल्या मुलखात मात्र आखूड धाग्याचं वाण होतं, हिरवट सरकीला रुई घट्ट चिकटलेली. दिवसभर बसून माणसाच्या हाती जेमतेम अर्धा किलो रुई लागे. १७९३ मध्ये जॉर्जियात एली व्हिटनीने रुळावर तारेचे दात बसवले. दात रुई ओढून नेत, अरुंद फटीतून सरकी जात नसे, मागचा ब्रश दात झाडून काढी. सरकीचा प्रश्न सुटला, तशी लागवड वाढली. वेचणी हातानेच राहिली, आणि ते हात गुलामांचे. १७९० मध्ये गुलाम सुमारे सात लाख होते, १८६० पर्यंत ते चाळीस लाखांच्या घरात गेले.

उत्तरेत गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांना इंग्लंडच्या स्वस्त मालापासून आडोसा हवा होता, म्हणून १८२८ मध्ये आयात जकात जबर वाढली. दक्षिणेतलं साउथ कॅरोलायना खवळलं. तिथले नेते जॉर्ज मॅकडफी यांनी सरळ गणित मांडलं: कापूस विकून आणलेल्या मालावर चाळीस टक्के जकात म्हणजे तुमच्या शंभर गाठींतल्या चाळीस उत्तरेने नेल्या. गणित कच्चं, पण सभा जिंकणारं. शंभरच्या शंभर गाठी वेचल्या कुणी, हे मात्र त्यात कुठेच नव्हतं. उत्तरही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. ऱ्होड आयलंडच्या गिरण्या खास गुलामांसाठी जाडंभरडं कापड विणून दक्षिणेतल्या मालकांना विकत होत्या.

नोव्हेंबर १८३२ मध्ये साउथ कॅरोलायनाने ती जकात आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवली. राष्ट्राध्यक्ष जॅक्सन स्वतः दक्षिणेतले, गुलामांचे मालक. तरी त्यांनी फौजेचा धाक घातला. मार्च १८३३ मध्ये तडजोड झाली, जकात टप्प्याटप्प्याने उतरवायचं ठरलं. राज्याने ठराव मागे घेतला आणि जाता जाता फौज वापरण्याची मुभा देणारा केंद्राचा कायदाच रद्द ठरवून टाकला. सुंभ जळला तरी पीळ कायम!

या चळवळीचे मेंदू होते जॉन काल्हून. उपराष्ट्राध्यक्षपदावर असतानाच त्यांनी जकातीविरुद्धचा मसुदा निनावी लिहून दिला होता. १८३० मधल्या एका खासगी पत्रात त्यांनीच कबूल केलं की जकात हे निमित्त आहे, मूळ कारण दक्षिणेच्या गुलामगिरीच्या व्यवस्थेत आहे. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडलं, तेव्हा राज्याने आपली कारणं जाहीरनाम्यात छापली. त्यात पळून गेलेल्या गुलामांबद्दलची तक्रार सविस्तर आहे. आयात जकातीबद्दल चकार शब्द नाही.