हनुवटीवरचं बोट

आमच्या मोठ्या काकांची मान आपोआप डावीकडे वळते. पण तर्जनी हनुवटीला टेकवली, की सरळ होते. घरच्या जुन्या फोटोंमध्ये ते कायम विचारवंतासारखे बसलेले दिसतात, ते त्यामुळेच. आजी म्हणायची, "नुसत्या बोटानं सरळ होते ना? मग मनाचेच खेळ!" काकांनाही हळूहळू ते पटलं. मनाच्या खेळावर कोण इंजेक्शन घेतं? त्यांनी कधी घेतलं नाही.

या आजाराला सर्व्हायकल डिस्टोनिया म्हणतात. त्याचा इतिहास वाचताना मला आजी पॅरिसमध्ये भेटली. १८९०च्या दशकात तिथल्या एदुआर ब्रिसो या डॉक्टरांनी असेच रुग्ण पाहिले होते. दुसऱ्यानं जोर लावूनही न हलणारी मान रुग्णाच्या स्वतःच्या बोटानं कशी वळते? ब्रिसोंनी निष्कर्ष काढला : दोष मनाचा. नावही तसंच दिलं, 'मानसिक मानवक्रता'.

पुढे १९११मध्ये बर्लिनच्या हेर्मान ओपेनहाइम यांनी लहान मुलांमधल्या एका आजारासाठी 'डिस्टोनिया' हा शब्द घडवला. पण मोठ्यांची वाकडी मान कित्येक दशकं मनाच्याच खात्यावर राहिली. ती डिस्टोनियाचंच एक रूप आहे, मज्जासंस्थेचा आजार आहे, हे १९७६मध्ये लंडनच्या डेव्हिड मार्सडेन यांनी ठामपणे मांडलं. तरी दाखवायचं काय? नेहमीच्या स्कॅनमध्ये अशा रुग्णांचा मेंदू बहुधा अगदी नॉर्मल दिसतो.

म्हणून संशोधकांनी मेंदूच्या रचनेऐवजी त्याचं काम बघायला सुरुवात केली. २०००मध्ये मार्कुस नाउमान आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांचे पेट स्कॅन घेतले : एकदा हात न लावता, एकदा बोट टेकवून. बोट टेकताच स्पर्शाचा आणि दिशेचा मेळ घालणाऱ्या भागात रक्तप्रवाह वाढला, आणि हालचालींच्या भागात कमी झाला. ब्रिसोंनी ज्या बोटाला मनाचा पुरावा मानलं, तेच मेंदूतल्या बिघाडाची वाट दाखवत होतं.

२०१९चं डॅनियल कॉर्प यांचं काम मला प्रोग्रामर म्हणून जास्त भावलं. मेंदूला इजा झाल्यावर मान वाकडी झालेल्या २५ रुग्णांच्या नोंदी त्यांच्या गटानं जमवल्या. इजा वेगवेगळ्या ठिकाणी होत्या. पण १००० निरोगी माणसांच्या मेंदूतल्या जोडण्यांच्या नकाशावर ताडून पाहिल्यावर सगळ्यांचे धागे दोन जागी पोचले : लहान मेंदू आणि स्पर्शज्ञानाचा पट्टा. एरर एका फाइलमध्ये दिसते, चूक मात्र जोडणीत असते, हे आम्ही रोज अनुभवतो. अर्थात, इजा न होताही ज्यांची मान वळते, अशा बहुसंख्य रुग्णांत मुळात काय बिघडतं, ते अजून उलगडलेलं नाही.

गेल्या दिवाळीत काकांना हे सगळं सांगितलं. हनुवटीला बोट लावून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "आई असताना सांगायला हवं होतंस रे."