उन्हाचे दोन चटके

मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो. बाहेर पडताना लोक डोक्याला दुपट्टा बांधतात. कित्येक जण तो ओला करून घेतात. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी राहायला आले. (१९४० साली या गावाचे नाव सेवाग्राम झाले.) तेथील उन्हाळ्यात तेही डोक्यावर ओले फडके ठेवीत. त्याच सुमारास फ्रान्समध्ये रसायनज्ञ यूजेन श्युलर यांच्या कंपनीने अंगाला लावायचे एक तेल बाजारात आणले. समुद्रकाठी सुटी घालवणाऱ्या गोऱ्या लोकांची कातडी भाजू नये म्हणून त्यात बेंझिल सॅलिसिलेट हे रसायन घातले होते.

ओले फडके आणि हे तेल, दोन्ही उन्हावरचेच उपाय. मग एकाऐवजी दुसरा चालेल का?

उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच्या दोन प्रयोगांत आहे. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या वर्णपटात तापमापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. हे अवरक्त किरण. पुढच्याच वर्षी जर्मनीत योहान रिटर यांनी वर्णपटाचे दुसरे टोक तपासले. जांभळ्याच्या पलीकडे सिल्व्हर क्लोराइड सर्वांत लवकर काळे पडले. हे अतिनील किरण. पुढे १९२२ साली हाउसर आणि फाले यांनी दाखवले, की कातडी लाल करणारे किरण मुख्यतः २९७ नॅनोमीटरच्या आसपासचे, म्हणजे अतिनील असतात. आपल्याला जाणवते ती ऊब. अतिनील किरण जाणवतच नाहीत. त्यांचा परिणाम काही तासांनी दिसतो.

ओल्या फडक्यातील पाण्याची वाफ होताना ते उष्णता ओढून घेते. उष्माघात टाळण्यासाठी हा उपाय उत्तमच. मात्र पातळ पांढऱ्या सुती कापडातून कोरडे असताना साधारण एक सप्तमांश अतिनील किरण आरपार जातात, आणि ते भिजले तर सुमारे एक तृतीयांश. धाग्यांमधल्या फटींत पाणी भरले की प्रकाश कमी विखुरतो. ओले कापड दिव्यासमोर धरले, तर वर्गात हे सहज दाखवता येईल. अतिनील किरण अडवायला घट्ट विणीचे, गडद रंगाचे, कोरडे कापड हवे.

दोघांच्या वेळाही वेगळ्या. वर्ध्यात अतिनील किरण सव्वाबाराच्या सुमारास सर्वांत तीव्र असतात, तर हवा सर्वांत जास्त तापते ती दुपारी उशिरा. जुलैत आभाळ येते, गारवा वाटतो आणि कपाशीचे निंदण करणाऱ्या बाया निर्धास्त असतात. पण विरळ ढगांतून अतिनील किरण बरेच खाली येतात.

सनस्क्रीनच्या डब्यावरील 'एस.पी.एफ.' हा आकडाही याच इतिहासातला. रुडॉल्फ शुल्ट्से यांनी १९५६ साली मांडलेली मोजणी फ्रांट्स ग्राइटर यांनी १९७० च्या दशकात रूढ केली. कातडी लाल होण्यास लेप लावल्यावर किती पट जास्त किरण लागतात, ते हा आकडा सांगतो. म्हणजे १५ असेल तर असे सुमारे ९३ टक्के किरण अडतात, ३० असेल तर ९७ आणि ५० असेल तर ९८. आकडा दुप्पट झाला म्हणून अडणाऱ्या किरणांची टक्केवारी दुप्पट होत नाही. शिवाय प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लेप लावतात. आपण त्याहून बराच कमी लावतो.

मोजपट्टी लालीची आहे, हे विसरू नये. सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त असल्याने लाली उशिरा येते. तिला जास्त त्रास काळपट डागांचा, आणि त्यात लांब लहरींच्या, म्हणजे यू.व्ही.ए. किरणांचाही वाटा असतो. म्हणून यू.व्ही.ए. अडवणारे, किमान ३० आकड्याचे सनस्क्रीन घ्यावे. तेलकट कातडीला जेल, कोरडीला क्रीम, नाजूक कातडीला झिंक ऑक्साइडचे. खेळाडूंनी आणि घाम गाळणाऱ्यांनी पाण्यात टिकणारे निवडावे व दर दोन तासांनी पुन्हा लावावे. शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईला एवढा खर्च परवडणार नाही. तिने आधी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपी किंवा जाड दुपट्टा वापरावा. लेप असलाच तर चेहऱ्याला आणि हातांना.

शाळेत क्रीडास्पर्धेची वेळ ठरवताना एक काठी पुरेशी आहे. ती मैदानात उभी रोवा. सावली काठीहून आखूड असेल, तर हवा गार असली तरी अतिनील किरण तीव्र आहेत असे समजा आणि मुलांना सावलीत घ्या.