अजिंठ्याच्या भिंतींवरील दोन पिवळे रंग

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत शिरतांच डोळ्यांत भरतो तो भिंतींचा ऊबदार, मातकट पिवळेपणा. प्राचीन चित्रकाराचीच ही आवड, असें आपण सहज धरून चालतों. वस्तुतः तेथें पिवळे दोन आहेत, आणि त्यांच्या वयांत सुमारें चौदाशें वर्षांचें अंतर आहे.

पहिला मातीचा. कोंडा व तंतु कालवलेला गिलावा, त्यावर पातळ पांढरा थर, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यांतून दिलेला रंग, अशी पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील या चित्रांची पद्धति. ओल्या चुन्यावरील युरोपीय चित्रणाशीं तिची गल्लत फार झाली आहे. लोहामुळें पिवळी झालेली ही माती उजेडानें विटत नाहीं.

दुसरा पिवळा रोगणाचा. 1872 ते 1885 या काळांत मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांकरवीं नकला करविल्या. त्या वेळीं मूळ चित्रें स्पष्ट दिसावीं म्हणून त्यांवर रोगण चढलें. पुढें निजाम सरकारनें बोलाविलेल्या चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञानें 1920 नंतर सुटूं लागलेला गिलावा पक्का केला व लाखेचें रोगण दिलें. गिलावा वांचविल्याचें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. पण लाख जुनी झाली कीं पिवळी पडते, मग तपकिरी, आणि विरघळेनाशी होते.

दोहोंचा भेद ओळखावा कसा? मातीचा पिवळा रेषेंत राहतो; चित्रकारानें नेमून दिलेल्या अंगावर वा अलंकारावर थांबतो. लाखेस रेषा ठाऊक नाहीं. ती पांढऱ्यास हस्तिदंती करते, लाजवर्दाच्या निळ्यास हिरवट. सारेंच एका सुरांत दिसूं लागलें कीं संशय घ्यावा. त्या एकसुरीपणास ‘प्राचीनांचा संयम’ म्हणणारे रसिक आम्हीं पाहिले आहेत!

साक्षीस जुन्या नकला असत्या. पण गिल यांनीं 1844 पासून केलेल्या बहुतेक नकला 1866 मध्यें लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगींत गेल्या, आणि ग्रिफिथ्स यांच्या पुष्कळशा 1885 मध्यें साउथ केन्सिंग्टनला. गिल यांच्या नकला तैलरंगांतील; तेलहि कालांतरानें पिवळें पडतेंच. म्हणजे मुख्य साक्षीदार भिंतच.

पुढें पुरातत्त्व खात्यानें पुष्कळ ठिकाणीं लाख काढिली. काम जोखमीचें, लाखेबरोबर मूळ रंगहि सुटण्याचें भय. आमच्या मतें संशय असेल तेथें पिवळेपणा सोसावा, हात आवरावा. पण जेथें लाख निघाली, तेथें पांढरा पुन्हा पांढरा दिसतो, आणि त्याशेजारीं मातीचा पिवळा अधिकच उजळतो.