फावल्या वेळाची कमाई



पन्नाशी उलटलेली माणसे एकत्र बसली, की बोलणे हटकून तीन गोष्टींवर येते. शाळेने आपल्याकडून काय अपेक्षा केल्या, आपण कोणते खेळ खेळलो आणि कोणत्या गाडीचे आपल्याला वेड होते! तरुण मंडळी या गप्पांना हसतात. माझी हयात कामगार संघटनेच्या कामात गेली, आणि जे काही थोडे वाचन झाले ते वाचनालयाच्या बाकावर बसून, कोणी न शिकवता झाले. मला मात्र या गप्पांत इतिहास दिसतो. खेळायला आणि छंदाला वेळ लागतो. हा वेळ कष्टकऱ्याच्या घरात आला कोठून, हे आज तुमच्यापुढे मांडावे असा विचार आहे.

आपल्या नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्या काळात गिरणीतला दिवस सूर्य ठरवीत असे. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. १८८१ साली हिंदुस्थानात कारखान्यांचा पहिला कायदा झाला. सात वर्षांखालील मुलाला कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, असे त्याने ठरविले. सात वर्षांच्या मुलाने नऊ तास राबावे, ही त्या दिवसांतली सुधारणा होती! त्या मुलाने विटीदांडू केव्हा खेळावा?

१८८४ साली जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. साप्ताहिक सुट्टी पदरात पडायला १० जून १८९० उजाडला. पुढे तास कमी होत गेले, पण मुंगीच्या पावलांनी. १९११ साली कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी दिवसाला बारा तास, १९२२ साली अकरा, १९३४ साली दहा. १९४६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचा कारभार पाहत असताना, आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. श्रोतेहो, रविवारची सकाळ आणि कामावरून सुटल्यानंतरची संध्याकाळ आपल्याला निसर्गाने दिलेली नाही. ती मागून, भांडून घ्यावी लागली आहे.

आता कोराडीकडे वळू. देवीच्या देवळासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात वीजकेंद्राचा पहिला संच १९७४ साली चालू झाला आणि १९८३ पर्यंत सात संच उभे राहिले. आठ आठ तासांच्या तीन पाळ्या, पगारी रजा आणि राहायला क्वार्टर, असे जीवन पुष्कळ शेतकरी आणि मजूर कुटुंबांच्या वाट्याला प्रथमच आले. पहिल्या पाळीचा बाप दुपारी घरी येई आणि मुलाला दिवसाउजेडी दिसे. ही गोष्ट लहान वाटेल; पण ज्याचा आजा अंधारात घर सोडून अंधारात परतत होता, त्याला तिचे मोल कळेल.

शाळेच्या अपेक्षा याच कायम नोकरीतून जन्मल्या. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यामुळे दहावी, आयटीआय, उमेदवारी आणि मग मंडळाची नोकरी अशी पायऱ्यांची वाट दिसू लागली. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हा त्या वाटेला आणखी उंच पायरी जोडली गेली. मास्तर वर्गात सांगत, 'गुण मिळवा, खेळाने पोट भरत नाही.' मास्तरांचा हेतू वाईट नव्हता. आपल्या विद्यार्थ्याने पुन्हा रोजंदारीवर जाऊ नये, ही त्यामागची कळकळ होती.

परंतु खेळ म्हणजे वेळेची नासाडी, हा निवाडा इतिहासाला मान्य नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारखे देशी खेळ जगाला करून दाखविले. गल्लीतल्या धुळीतला तो खेळ १९९० साली पेकिंगच्या आशियाई सामन्यांत पदकाचा खेळ झाला. त्याच सुमारास मुलांच्या हाती नवा खेळ आला. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली दूरचित्रवाणीला जोडायचे खेळयंत्र काढले होते. त्याच्या स्वस्त नकला पुढे आपल्याकडे आल्या आणि ज्याच्या घरी असे यंत्र व त्याची 'कॅसेट' असे, त्याच्या दारात चपलांचा ढीग पडू लागला. विटीदांडूवरून मार खाल्लेले बाप आता या यंत्रावरून मुलांना रागावू लागले! २०२५ साली संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांना बंदी घातली आणि कौशल्याच्या ई-क्रीडेला मान्यता दिली. जुगार निराळा, खेळ निराळा, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे.

गाड्यांच्या वेडाचीही अशीच कथा आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिची फियाट पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेली. परवाना पद्धतीमुळे गाड्या थोड्या आणि मागणारे फार. बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. मारुतीची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी गिऱ्हाइकाच्या हाती पडली. पण ती आमच्यासाठी चित्रातलीच. आमच्या कॉलनीची खरी गाडी होती लूना, पुण्याच्या कायनेटिकने १९७२ साली काढलेली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून ती चाले, म्हणून प्लगवर आणि सायलेन्सरमध्ये काजळी धरे. दर रविवारी बाप तो प्लग काढून काचकागदाने घासत असे आणि मुलगा पान्हा धरून शेजारी बसत असे. नवे यंत्र मिळणे कठीण, म्हणून हाती असलेले जिवापाड जपायचे. टंचाईतून आलेला हा छंद पुष्कळ मुलांना हाताचा कारागीर करून गेला. प्रगतिपुस्तकात मात्र त्याला रकाना नव्हता.

आज काय आहे? २००५ साली वीज मंडळाचे विभाजन होऊन कंपन्या झाल्या. २०१५ ते २०१७ या काळात कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन नवे संच आले आणि जुन्यांपैकी बहुतेक बंद झाले. वीज वाढली, पण कायम जागा घटल्या आणि कंत्राटी कामगार वाढले. ज्या नोकरीच्या आशेवर शाळेने आमच्याकडून गुण मागितले, ती नोकरी दुर्मिळ झाली. गुणांची मागणी मात्र दुप्पट झाली. मुले शाळेतून शिकवणीला जातात, शिकवणीतून रात्री घरी येतात. कंत्राटावरचा बाप एक पाळी संपवून दुसरी धरतो, कारण एका पाळीच्या पैशात भागत नाही. लोखंड्यांनी मिळविलेला रविवार कागदावर शाबूत असून घरातून हरवत चालला आहे.

म्हातारपणी आठवणी गोड लागतात, हे खरे. तेवढ्यावर समाधान मानण्याचा आपल्याला अधिकार नाही. आपल्याजवळ सांगायला विटीदांडू आहे, लूना आहे, कॅसेटचा खेळ आहे; कारण आपल्या आधीच्यांनी दिवसाचे तास कमी करून घेतले. आपली मुले पन्नाशीची होतील तेव्हा त्यांच्याजवळ सांगायला काय असेल, हा प्रश्न घरातला आहे आणि कारखान्याच्या फाटकावरचाही. मुलाचे गुण विचारताना त्याच्या खेळाचीही चौकशी करा. आणि शेजारच्या कंत्राटी कामगाराने साप्ताहिक सुट्टी मागितली, तर त्याच्या बाजूने उभे राहा. ही दोन्ही कामे एकच आहेत.