स्वस्त कॅमेरा, महाग उजेड

आमच्या घरात आजोबांचा एकच फोटो आहे. वाईजवळच्या आमच्या गावातल्या घराच्या अंगणात, भर दुपारी, ते उन्हात उभे आहेत. डोळे बारीक केलेले, कपाळावर आठ्या. लहानपणी मला वाटायचं, आजोबा भयंकर रागीट असणार. बाबा म्हणतात, तसं काही नव्हतं. बाबांच्या हातात मित्राकडून मागून आणलेला आग्फा क्लिक थ्री होता आणि ऊन थेट आजोबांच्या डोळ्यांवर येत होतं, एवढंच.

आजीचा चुलीपुढचा फोटोही एकच आहे. तो मी काढलेला, २००८ साली, माझ्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यानं. त्यात आजीपेक्षा ठिपके जास्त दिसतात.

एक माणूस उन्हामुळे अनोळखी झाला, दुसरं उजेड कमी पडल्यामुळे. दोन्ही कॅमेरे ‘परवडणारे’ होते. परवडणारा कॅमेरा म्हणजे नेमकं काय, आणि त्याची किंमत कोण कुठे मोजतं, हा प्रश्न मला त्या दोन फोटोंनी घातला.

तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. शिकवण्या घेऊन साठवलेले ९ हजार रुपये खिशात घालून मामाबरोबर मुंबईला बोरा बाजारात गेलो. सीएसटीहून चालत पाच मिनिटांवरची ही गल्ली म्हणजे कॅमेऱ्यांची पंढरी. दुकानदारानं पहिलाच प्रश्न विचारला, “कितने मेगापिक्सेल का चाहिए?” समोर एकाच किमतीचे दोन कॅमेरे होते, एक सातचा आणि एक दहाचा. पुढची चार वर्षं गणित शिकणारा मुलगा जे करेल तेच मी केलं. दहा हा आकडा सातपेक्षा मोठा आहे, म्हणून दहाचा घेतला.

आता थोडं मागे जाऊ.

कॅमेरा सामान्य माणसाच्या हातात आणला तो जॉर्ज ईस्टमननं. १८८८ सालचा त्याचा पहिला कोडॅक २५ डॉलरचा होता. त्यात शंभर फोटोंचा रोल कारखान्यातूनच भरलेला यायचा. तो संपला की अख्खा कॅमेरा कारखान्याला परत पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो छापून आणि नवा रोल भरून तो घरी यायचा. ही काही गरिबाची चैन नव्हती. मग १९०० साली ब्राउनी आला. पुठ्ठ्याचा डबा, साधं भिंग, किंमत १ डॉलर. रोल १५ सेंटचा, त्यात सहा फोटो. मुलांनीही फोटो काढावेत म्हणून त्याची जाहिरात मुलांसाठी केली होती.

यातली खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. ईस्टमनला डबा विकून फार काही मिळवायचं नव्हतं. डबा एकदाच विकला जातो, रोल मात्र जन्मभर. म्हणून कॅमेरा स्वस्त आणि फोटो महाग. पुढचं जवळजवळ शतकभर याच गणितावर छायाचित्रणाचा धंदा चालला. आपल्याकडचा क्लिक थ्री त्याच वंशातला. बडोद्याला बनायचा, १२० नंबरचा रोल, त्यात बारा फोटो. साधं भिंग, त्यामुळे भरवसा उन्हाचाच. रोल, धुलाई, छपाई मिळून प्रत्येक फोटोला पैसे पडत, म्हणून बाबांनी आजोबांचा दुसरा फोटो काढला नाही. बारातले उरलेले अकरा ज्याचा कॅमेरा होता त्याच्या घरच्यांचे होते.

हे गणित उलटं करणारं यंत्र गंमत म्हणजे कोडॅकच्याच प्रयोगशाळेत जन्माला आलं. स्टीव्हन सॅसन हा तिथला पंचविशीतला इलेक्ट्रिकल इंजिनिअर. त्यानं १९७५ च्या डिसेंबरमध्ये कोडॅकच्या सुपर एट सिनेकॅमेऱ्याचं भिंग, एक सीसीडी चिप, १६ बॅटऱ्या आणि डिजिटल कॅसेट रेकॉर्डर एकत्र जोडले. वजन सुमारे साडेतीन किलो. चित्र १०० बाय १००, म्हणजे जेमतेम दहा हजार ठिपक्यांचं, तेही काळंपांढरं. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत, आणि मग तो टीव्हीवर बघायचा. १९७८ साली त्याचं पेटंटही मिळालं. पण ज्या कंपनीची भाकरी फिल्मवर भाजली जात होती, तिला फुकटचे फोटो काढणाऱ्या यंत्राची घाई कशाला असेल?

त्याच कोडॅकमध्ये ब्राइस बायर नावाचा दुसरा एक माणूस होता. सेन्सरला रंग कळत नाही, फक्त उजेड किती पडला ते कळतं. बायरनं त्यावर लाल, हिरव्या, निळ्या चौकटींची बारीक जाळी बसवायची युक्ती काढली. निम्म्या चौकटी हिरव्या, कारण आपला डोळा हिरव्याला जास्त तिखट असतो. १९७६ साली त्याचं पेटंट मंजूर झालं. आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये हीच जाळी आहे. याचा अर्थ असा, की प्रत्येक ठिपका तीनपैकी एकच रंग खरोखर मोजतो. उरलेले दोन शेजाऱ्यांकडे बघून सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं. हे मला नोकरी लागल्यावर कळलं, तेव्हा माझ्या दहा मेगापिक्सेलबद्दलचा निम्मा अभिमान तिथेच गळून पडला.

दुकानात हे तंत्र यायला पुढे बरीच वर्षं गेली. १९९१ साली कोडॅकनं निकॉनच्या एफ थ्रीवर १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर बसवून वृत्तछायाचित्रकारांसाठी कॅमेरा काढला. फोटो साठवायचं खोकं वेगळं खांद्याला लटकवावं लागे. १९९४ चा ॲपलचा क्विकटेक ७४९ डॉलरचा होता आणि चांगल्या प्रतीचे फोटो त्यात आठच मावत. १९९५ साली कॅसिओनं मागच्या बाजूला पडदा असलेला क्यूव्ही-१० ६५ हजार येनला आणला, आणि काढलेला फोटो जागच्या जागी बघून नको असेल तर पुसून टाकायची सवय जगाला लागायला सुरुवात झाली. २००३ साली कॅननचा ३००डी आला आणि भिंग बदलता येणारा डिजिटल कॅमेरा पहिल्यांदा हजार डॉलरच्या खाली उतरला.

म्हणजे आता कॅमेरा महाग आणि फोटो फुकट. ईस्टमनचा धंदा पूर्ण उलटा झाला. पण मग कंपन्यांनी दरवर्षी नवा डबा विकायचा तरी कसा? त्यासाठी खोक्यावर छापता येईल असा, दरवर्षी वाढणारा एक आकडा हवा होता. मेगापिक्सेल हा तो आकडा.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत जे छापत नसत, ते म्हणजे सेन्सरचा आकार. माहितीपत्रकात कोपऱ्यात लिहिलेलं असे, ‘१/२.३ इंच’. शाळेतल्या गणितानं हे ११ मिलिमीटर होतात. प्रत्यक्षात त्या सेन्सरचा कर्ण पावणेआठ मिलिमीटरच्याही आत असतो. ही मापाची पद्धत जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचनळ्यांची. तिथे नळीचा बाहेरचा व्यास सांगत, आतला चित्र उमटणारा भाग त्याहून लहानच असे. नळ्या गेल्या, माप राहिलं. माझ्या कॅमेऱ्यातला सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा होता. तुरीच्या डाळीएवढा. त्यावर एक कोटी ठिपके.

उजेड पावसासारखा असतो. रुंद पातेल्यात जास्त साठतो, वाटीत कमी. २००६ साली आलेल्या निकॉन डी४० मध्ये सहाच मेगापिक्सेल होते, पण सेन्सर २३.७ बाय १५.६ मिलिमीटरचा. गणित केलं तर त्याच्या एका ठिपक्याच्या वाट्याला माझ्या ठिपक्याच्या बावीस पट जागा येते. दुपारी अंगणात हा फरक जाणवत नाही. संध्याकाळी, चाळीसच्या बल्बखाली, चुलीच्या धुरात तो जाणवतो. डी४० माझ्या ९ हजारांत बसणारा नव्हताच. पण सातचा बसत होता.

कॅननच्या स्वस्त पॉवरशॉट कॅमेऱ्यांची मात्र एक वेगळीच गोष्ट आहे. काही हौशी प्रोग्रामरांनी त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर उकलून ‘सीएचडीके’ नावाचा जोड-प्रोग्राम लिहिला. मेमरी कार्डावर टाकायचा, कॅमेऱ्यात कायमचा काही बदल नाही. त्यानं महागड्या कॅमेऱ्यांतच मिळणारी रॉ फाइल मिळे, स्क्रिप्ट लिहून विजेचा लखलखाट टिपता येई. होस्टेलवर एका मित्राच्या कॅमेऱ्यात ते चालताना बघितलं, तेव्हा कळलं की स्वस्त वस्तूंतल्या काही मर्यादा भौतिकशास्त्राच्या असतात आणि काही नुसत्या किंमतपट्टीच्या. माझ्या आजच्या नोकरीची सुरुवात बहुधा त्या रात्री झाली.

२०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे विकले गेले. २०१४ मध्ये तो आकडा साडेचार कोटींच्याही खाली आला, कारण कॅमेरा मोबाइलमध्ये जाऊन बसला. कोडॅकनं मधेच, २०१२ च्या जानेवारीत, दिवाळखोरीचा अर्ज केला. अनेक मोबाइलमधला सेन्सर माझ्या त्या डाळीहूनही लहान असे, तरी रात्रीचे फोटो बरे येऊ लागले. युक्ती साधी आहे. एकाऐवजी भराभर अनेक फोटो काढायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची. ठिपक्यांची कुरकुर प्रत्येक फोटोत वेगळी असते, माणूस तोच असतो. नऊ फोटोंची सरासरी घेतली की कुरकुर एक तृतीयांशावर येते.

हे कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होतो. कारण त्या संध्याकाळचं सगळं मला नीट आठवत होतं. फ्लॅश उडाला तशी आजी म्हणाली, “आरं बाळा, इज चमकल्यागत करू नगंस, डोळं दिपत्यात.” मी फ्लॅश बंद केला. आजी भाकरी थापत होती. मी एक फोटो काढला, पडद्यावर बघितला, ‘येतोय बरा’ म्हणालो आणि कॅमेरा बंद केला.

फक्त एक. कार्डावर शेकड्यांनी जागा होती, एकाही फोटोला पैसा पडणार नव्हता. कॅमेरा पिठाच्या डब्यावर टेकवून, आयएसओ खाली आणून, टायमर लावून एक सेकंद उजेड आत येऊ दिला असता तर त्याच तुरीच्या डाळीनं आजी नीट टिपली असती. ती हलली असती तर दुसरा काढता आला असता, तिसरा काढता आला असता. ९ हजार रुपये मी नेमक्या त्याच मुभेसाठी मोजले होते. पण माझ्या हाताला सवय बाबांची होती. बारातला एक आपला.

आजी २०१० साली गेली. आता कुणी थोड्या पैशांत पहिला कॅमेरा कोणता घेऊ असं विचारलं, की मी मेगापिक्सेल सोडून सेन्सरचा आकार बघायला सांगतो, जुना का होईना मोठ्या सेन्सरचा घे म्हणतो. आणि मग सांगतो, घरातल्यांचे फोटो काढशील तेव्हा एकावर थांबू नकोस.